काजऱ्यावरचा डोळा

“ह्यो नर की मादी?”

मामाने एवढंच विचारलं. बांद्याला त्याच्या घरी पडवीत बसून मी लॅपटॉपवर त्या दिवशी काढलेले ४१२ फोटो दाखवत होते. नदीपलीकडे मळ्याच्या कडेला काजऱ्याचं जुनं झाड आहे. त्याची नारिंगी फळं खायला मलबारी कवड्या धनेशाची जोडी येते, हे मला मामानेच सांगितलं होतं. चारशेबारांतला सर्वांत बरा फोटो मी पडदाभर मोठा करून ठेवला होता. काळे पंख, पांढरं पोट, चोचीवरचं भलंमोठं शिंग, सगळं जागच्या जागी होतं. मामाने चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याच्या अगदी जवळ गेला आणि बोट थेट डोळ्यावर ठेवलं. तिथे एक करडा ठिपका होता.

“नाही सांगता येत,” मी म्हटलं.

“मगे फोटो कित्याक काढलंस?”

या धनेशात नराचा डोळा लाल असतो आणि भोवतीची उघडी कातडी निळसर काळी. मादीचा डोळा तपकिरी, भोवतीची कातडी पांढुरकी गुलाबी. बाकी दोघं लांबून सारखीच. म्हणजे डोळा नीट आला तर तुम्ही अमुक एका पक्ष्याचा फोटो काढलात, नाहीतर नुसता धनेशाचा काढलात. शार्प फोटो कशाला म्हणायचं याबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, पण मामाच्या बोटाइतकं नेमकं उत्तर मला कुठे मिळालं नव्हतं.

मामाने बांद्यात चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, शाळेचे ग्रुप आणि उरलेला सगळा वेळ पक्षी. मी सावंतवाडीत नोकरी करते, सुट्टीला इकडे येते. माझ्याकडे मिररलेस कॅमेरा आणि १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. मामाची सगळी हयात ३०० मिलिमीटरच्या एका लेन्सवर गेली, जिचा फोकससुद्धा हाताने फिरवायचा. फोटो कसा काढावा यावरून आमचं गेली पाच-सहा वर्षं पटलेलं नाही. त्या संध्याकाळचं बोलणं मी पुढे मांडते आहे. मामा बोलतो मालवणीत. मी बरंचसं प्रमाण मराठीत आणलं आहे, जिथे आणवलं नाही तिथे तसंच ठेवलं आहे.

मामा : ट्रायपॉड खंय होतो?

मी : घरी. आणि मुद्दाम घरी. मामा, तो धनेश एका फांदीवर दोन सेकंद बसत नाही. ट्रायपॉडचं डोकं सैल करून फिरवेपर्यंत तो पलीकडच्या फांदीवर जातो. १/२५०० शटर ठेवलं, आयएसओ ऑटोवर. एवढ्या शटरला हात हलला काय आणि नाही काय.

मामा : हात थाऱ्यावर नसला की शटर किती का असेना. आमचा हिशेब साधा होता. लेन्स जेवढ्या मिलिमीटरची, सेकंदाचा तितकावा भाग. तीनशेला १/३०० पाहिजे, त्याखाली हातात धरायचंच नाही. आणि शंभरच्या फिल्मवर झाडाच्या सावलीत १/३०० मिळत नसे. १/६० मिळायचं. म्हणून ट्रायपॉड. हौस नव्हती ती.

मी : हिशेब तुझा बरोबर, पण आता तो पुरत नाही. माझा सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा दीडपट लहान, म्हणजे ६०० ची लेन्स ९०० सारखी वागते. शिवाय एकेक पिक्सेल ४ मायक्रॉनचा. शंभर मीटरवरच्या फांदीवर तो पिक्सेल पाऊण मिलिमीटरसुद्धा झाकत नाही. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटमध्ये जी थरथर तुला कधी दिसली नसती, ती मला पडद्यावर धडधडीत दिसते. म्हणून मी १/९०० वर न थांबता १/२५०० ला जाते. ट्रायपॉडवर १/६० ला तू फांदी शार्प आणशील. धनेशाची मान आणणार आहेस का?

मामा यावर गप्प राहिला. मुद्दा आवडला नाही, पण खोडता येत नाही, असा गप्प. लेन्समधल्या थरथर आवरण्याच्या सोयीबद्दलही आमचं एवढं एक मत आहे. कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० च्या लेन्समध्ये ती पहिल्यांदा आणली, तेव्हापासून ट्रायपॉड आता काढून टाका असं सांगणारे भेटत आले आहेत. ती सोय माणसाचा हात सांभाळते. पक्षी हलला तर तिला त्याचं काही नसतं.

मग मामाने माझ्याकडून लॅपटॉप ओढून घेतला. बाणाच्या कळीने एकामागून एक फ्रेम पुढे सरकवू लागला. पक्षी बघतच नव्हता तो. मागे एका मांगराचं कौलारू छप्पर आलं होतं, नजर तिथे.

मामा : कौलां बघ.

मी : काय झालं कौलांना?

मामा : हलतात.

खरंच हलत होती. सलग सहा फ्रेम, सेकंदाच्या आत काढलेल्या. पहिलीत कौलांची ओळ सरळ, दुसरीत मध्येच पोक आलेलं, तिसरीत ओळ जाड आणि मऊ, चौथीत पुन्हा सरळ पण दुसरीच बाजू विरघळलेली. काजऱ्याची एक बारीक डहाळी तर प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जाडीची होती. हात हलला असता तर सगळं चित्र एकाच दिशेने ओढलं गेलं असतं. इथे प्रत्येक कोपरा आपापल्या मनाने वाकत होता.

मामा : किती वाजता काढलंस?

मी : साडेअकरा. सावंतवाडीहून आले ती थेट नदीवर.

मामा : आणि अलीकडच्या काठावरून काढलंस. मध्ये काय आहे? नदीतली उघडी पडलेली वाळू, मग धोंडे, मग कापणी झालेला मळा. सगळं तापलेलं. वर उठणारी हवा बघितली नाहीस? भाताच्या मडक्यावरून पलीकडे बघितलंस की जशी दिसते, तशी. त्यातून तू शंभर मीटर पलीकडचा डोळा मागतेस.

इथे मी हरले, हे मला सरळ सांगायचं आहे. कारण ही चूक लांब लेन्स घेणारा जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि मग लेन्सला दोष देत बसतो. तापलेल्या जमिनीवरची हवा थराथराने वेगळ्या तापमानाची असते. गरम हवा विरळ, थंड हवा दाट, आणि प्रत्येक थर उजेडाला थोडं वेगळं वळवतो. हे थर सतत वर उठत, मिसळत असतात. डोळ्यांनी बघताना आपल्याला त्याचा पत्ता नसतो, कारण डोळा एवढं मोठं करून बघत नाही. ६०० ची लेन्स पक्ष्याला जेवढं मोठं करते तेवढंच त्या हवेलाही करते. ट्रायपॉड लावा, शटर १/८००० करा, लाखाची लेन्स घ्या. वळलेला उजेड सरळ होत नाही. कोकणात तर हे सोसायला जागाच जागा आहेत. सड्यावरचा उघडा काळा जांभा, नव्या महामार्गाचा डांबरी पट्टा, नदीतली वाळू. इतकंच कशाला, गारेगार गाडीतून किंवा तापलेल्या डिकीतून काढलेला कॅमेरा लगेच डोळ्याला लावला तर लेन्सच्या पुढच्या नळकांड्यातच हवा खेळत राहते, आणि एसीतून आला असेल तर काचेवर बाष्प धरतं ते वेगळंच. पंधरा-वीस मिनिटं पिशवी बंद ठेवून सावलीत ठेवावी लागते. मी ठेवली नव्हती.

तरी मी एक प्रयत्न केला.

मी : पण म्हणूनच मी चारशे काढले. खगोलशास्त्रज्ञसुद्धा हेच करतात. हवा हलते म्हणून ताऱ्याचे, ग्रहाचे हजारो छोटे फोटो घेतात आणि हवा क्षणभर शांत असताना जे आले तेवढे उचलतात. सहांतल्या दोन फ्रेममध्ये कौलं सरळ आहेत ना?

मामा : त्या दोनांत डोळो आसा?

नव्हता. एकात धनेशाने मान मागे टाकली होती, दुसऱ्यात पानाआड होती.

मामा : गुरू जागचा हलत नाही. तुझ्या त्या लोकांना रात्रभर वेळ असतो. तुला हवेची शांत घटका पाहिजे आणि पक्ष्याचीही पाहिजे, आणि दोन्ही एकदम. चारशेत नाही, चार हजारांत मिळणार नाहीत.

मी : मग काय करायचं? जवळ जायचं?

मामा : जवळ.

मी : म्हणजे पक्षी उडवायचा.

हा आमचा जुना वाद. माझं म्हणणं असं की लांब लेन्स मुळात आहेच पक्ष्याला त्याच्या जागी राहू देण्यासाठी. आणि जवळ गेल्याने सगळं शार्प येतं हेही खरं नाही. दहा मीटरवरून ६०० ला, अॅपर्चर ८ ठेवलं तरी माझ्या कॅमेऱ्यावर साधारण ९ सेंटिमीटरच्या पट्ट्यातच चित्र स्पष्ट येतं. धनेश तुमच्याकडे तोंड करून बसला की कॅमेरा हमखास चोचीचं टोक नाहीतर शिंग पकडतो, आणि डोळा त्या पट्ट्याच्या पलीकडे. चोच अशी की तिच्यावरचे ओरखडे मोजावेत, आणि डोळा धुक्यात. अॅपर्चर १६ केलं तर पट्टा वाढतो, पण एवढ्या बारीक भोकातून जाताना उजेड स्वतःच पसरतो आणि सगळंच थोडं मऊ होतं. हे मी मामाला सांगितलं. त्याने मान डोलावली, कारण हे त्याला माझ्या आधी ठाऊक होतं. त्याची लेन्स नवीन होती तेव्हा तो पहाटे बांद्यातल्या रेडेघुमटासमोर ट्रायपॉड लावून बसला होता, आणि आदिलशाही काळातल्या त्या दगडांचे पाच पॉइंट सहा, आठ, अकरा, सोळा असे एकेका अॅपर्चरला फोटो काढून कुठे दगडाचा कण सर्वांत नीट येतो ते वहीत लिहून ठेवलं होतं. वही अजून आहे. ‘८ बरा’ असं पेन्सिलीने लिहिलेलं आहे.

मामा : जवळ जायचं म्हणजे चालत जायचं नाही. आधी जाऊन बसायचं. तो यायच्या आधी. आणि तो गेल्यावर उठायचं.

मी : एम. कृष्णन यांच्यासारखं?

मद्रासचे एम. कृष्णन हे मामाचं दैवत. त्यांनी निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून स्वतःपुरता एक कॅमेरा बनवला होता, त्याला ते ‘सुपर पाँडेरोसा’ म्हणत, आणि आयुष्यभर कृष्णधवल फोटो काढले. मामाच्या भिंतीवर त्यांचं एक चित्र वर्तमानपत्रातून कापून लावलेलं होतं, ते आता पिवळं पडून गळून गेलं आहे.

मामा : त्यांचं नाव घेऊ नको. ते हत्तीजवळ जायचे आणि हत्तीला कधी परत फिरायचं ते कळायचं त्यांना. मला कळलं नव्हतं.

मग त्याने ते सांगितलं. मी हे आधी ऐकलं नव्हतं.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात व्हाळाच्या मातीच्या काठात तिबोटी खंड्याचं बीळ सापडलं. मुठीत मावेल एवढा पक्षी, केशरी, जांभळा, निळा, आणि कोकणात तो दिसायचा तो पावसाळ्यातच. मामाने आठ फुटांवर ट्रायपॉड लावला, फ्लॅश बांधला, अंगावर गोणपाट घेतलं आणि बसला. खंड्या चोचीत एक बेडकी घेऊन समोरच्या काटकीवर आला. मामाने दाबलं. फ्लॅश पडला. दुसऱ्यांदा दाबलं. खंड्या बिळात शिरेना. चोचीत ती बेडकी तशीच. दहा मिनिटं बसला, उडाला, परत आला, पुन्हा बसला. मामा दोन तास तिथे होता. दुसऱ्या दिवशी गेला तेव्हा काटकीवर कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं.

“फोटो आला?” मी विचारलं.

तो आत गेला. लाकडी कपाटाचं दार उघडलं. या कपाटात पंधरा वॅटचा एक दिवा बारा महिने जळतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्या ओलीत लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती धरली की कितीही काळजी घ्या, चित्र दुधाळच येतं. दिव्याच्या उबेने त्याची लेन्स अजून स्वच्छ आहे. त्या लेन्सच्या खाली एक पाकीट होतं, त्यातून त्याने आठ बाय दहाची प्रिंट काढली.

मी पाहिलेला खंड्याचा हा सर्वांत शार्प फोटो आहे. चोचीवर पाण्याचे तीन थेंब, आणि प्रत्येक थेंबात फ्लॅशचा एकेक चौकोन. डोळ्याभोवतीची बारीक पिसं मोजता येतील. बेडकीच्या पायाची बोटंसुद्धा वेगवेगळी.

“भिंतीवर लावला नाहीस कधी.”

“नाय.”

प्रिंट त्याने परत पाकिटात घातली. काही वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. मामीने चहा आणला.

चहानंतर मी विषय बदलायचा म्हणून माझा शेवटचा पत्ता टाकला. लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम आहे, धूसर फोटो शार्प करून देणारा. त्याच काजऱ्यावरच्या फोटोवर मी तो चालवला. अर्ध्या मिनिटात धनेशाच्या मानेवर सुबक पिसं उमटली.

मामा : ही पिसं धनेशाची की तुझ्या मशिनीची?

मी : मामा, तू लग्नाच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवून नवरीच्या तोंडावरचे डाग घालवायचास. मी लहानपणी शेजारी बसून बघितलंय. डार्करूममध्ये हाताने सावली धरून आकाश काळं करायचास. तेव्हा ते कुणाचं होतं?

मामा : खरां. नवरीचे डाग मी घालवले. पण नवरीचा डोळा नव्याने काढला नाही. तुझ्या मशिनीक विचार, ह्यो नर की मादी.

मी मोठं करून पाहिलं. प्रोग्रॅमने करड्या ठिपक्याचा छान गोल डोळा बनवला होता, मध्ये बाहुली, वर चमक. रंग तांबूस म्हटला तर तांबूस, तपकिरी म्हटला तर तपकिरी. भोवतीच्या कातडीला त्याने पिसं फोडली होती. तिथे पिसं नसतात. फोटोत जी माहिती आलीच नाही तिच्या जागी त्याने इतर हजारो पक्ष्यांच्या फोटोंवरून सुचलेलं काहीतरी भरलं होतं. आयएसओ वाढवल्यावर येणारे दाणे पुसायला मी हा प्रोग्रॅम वापरते आणि पुढेही वापरीन, त्याबाबत मामाचं ऐकणार नाही. दाणे पुसणं वेगळं. तो फोटो मात्र मी तिथल्या तिथे काढून टाकला.

“उजवाडाक जाऊया,” मामा म्हणाला.

पहाटे सहाला तो तयार होता. हातात ट्रायपॉड नव्हता. जुन्या पँटचा एक पाय कापून, दोन्ही टोकं शिवून केलेली एक पिशवी होती, आत दोन किलो कुळीथ. तांदूळ का नाही असं विचारलं तर म्हणाला, तांदूळ ओल धरतो आणि दबतो, कुळीथ कडक राहतो आणि सरकून लेन्सला खोबण करून देतो. पुलावरून पलीकडे गेलो. काजऱ्यापासून पंचवीस मीटरवर चिऱ्यांचा एक पडका गडगा आहे, त्याच्या मागे बसलो. गडग्यावर पिशवी, पिशवीत खोबण, खोबणीत लेन्स, लेन्सवर माझा डावा तळहात. मी नेहमी हा हात लेन्सच्या खाली धरते. मामाने तो उचलून वर ठेवला. लेन्सच्या पुढच्या टोकाला बारीक थरथर असते, ती वरून ठेवलेला हात गिळतो. आणि बोट खटकन दाबायचं नाही, श्वास अर्धा सोडून हळूहळू दाबत न्यायचं, शटर कधी पडलं ते आपल्यालाच कळू नये.

तेरेखोल नदीवरून धुकं उठत होतं. मला वाटलं, संपलं. मामा म्हणाला, धुकं चालेल. धुक्याने चित्र फिकट होतं, पण कड वाकत नाही. फिकटपणा नंतर घालवता येतो. वाकलेली कड कोणी सरळ करून देत नाही. साडेसातच्या सुमाराला धुकं पातळ झालं. जमीन अजून थंड होती, मळ्यावरची हवा तळ्यासारखी स्थिर. मागच्या मांगराची कौलं मी मोठी करून पाहिली. एकूण एक सरळ.

या झाडाबद्दल दोन शब्द लिहायचा मोह आवरत नाही. काजऱ्याच्या बिया विषारी, गुरंसुद्धा त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. धनेश तीच फळं आवडीने खातो आणि बिया लांब नेऊन टाकतो. त्याला घर करायला मात्र मोठी, म्हातारी, ढोली असलेली झाडं लागतात, आणि तीच आधी तुटतात. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीला बंदी केली, २०२० साली तिळारीचं जंगल संवर्धन राखीव झालं, ते ह्या पक्ष्यासाठी किती मोलाचं आहे हे एखादी फळांनी लदलेली डहाळी अर्धा तास बघितली की कळतं. १८८३ साली मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या चिन्हावर धनेशच आहे, या कवड्याचा थोरला भाऊ. तो चिन्हावर आला तो १८९४ साली कारवारहून सोसायटीत आलेल्या विल्यम नावाच्या एका धनेशामुळे. कारवार म्हणजे इथून खाली थोडंसंच अंतर.

आधी पंखांचा आवाज आला. धनेश उडताना हवा कापल्याचा जो घोगरा सूं सूं आवाज होतो तो एकदा ऐकला की विसरत नाही. मग जोडी झाडावर उतरली. मी बोट दाबायला लागले, तर मामाचा हात माझ्या मनगटावर.

“रव.”

फांदी अजून हेलकावत होती. पक्षी उतरला की फांदीचे तीन-चार झोके होतात. हे मला ठाऊक आहे, तरी दर वेळी मी त्याच झोक्यांत वीस फ्रेम घालवते.

“रव.”

एका धनेशाने फळ तोडलं, चोचीच्या टोकात धरलं, वर उडवलं, मान मागे टाकून गिळलं. जीभ आखूड असते त्याची, टोकाकडचं फळ उडवल्याशिवाय घशात जात नाही. गिळून झाल्यावर तो एक क्षण तसाच राहिला, मान सरळ, डोळा आमच्या बाजूला.

“आता.”

शटर १/८००, अॅपर्चर ८, आयएसओ १६००. पाच फ्रेम. पुन्हा “रव.” पुन्हा “आता.” पाऊण तासात मी अडतीस फोटो काढले. मग दुसऱ्या धनेशाने फळ तोडलं, ते न गिळता फांदीवरून बाजूबाजूने सरकत आला आणि पहिल्याच्या चोचीत दिलं. त्या वेळी मामा काही बोललाच नाही. बघत राहिला. मी आपल्या मनाने दाबलं.

जोडी उडून गेल्यावरच आम्ही उठलो.

घरी येऊन पडवीत लॅपटॉप उघडला. फळ देताना काढलेला फोटो. घेणारीचा डोळा तपकिरी, त्याच्याभोवती पांढुरकी गुलाबी कातडी, तिच्यावर सुरकुत्या, सुरकुतीत अडकलेला एक पिवळसर कण. मादी. देणाऱ्याचा डोळा लाल आहे एवढं कळत होतं, पण लाल रंगाची एक छोटी रेघ झाली होती. फळ पुढे करताना त्याने मान झटक्यात खाली आणली होती. १/८०० त्याला पुरलं नव्हतं.

“इथे माझं २५०० हवं होतं,” मी म्हटलं. “उजेड होता, आयएसओ वाढवला असता तर मिळालं असतं. तू १/८०० म्हणालास म्हणून ठेवलं.”

“व्हया होता,” मामा म्हणाला. मग थोड्या वेळाने, “पण २५०० ला दाणे आले असते.”

“आले असते तर आले असते. डोळा आला असता.”

त्याला ते पटलं नाही. मला त्याचे दाणे पटत नाहीत. शिमग्याच्या सुमाराला ही मादी ढोलीत बसेल, आतून दार लिंपून घेईल, फटीतून नराने दिलेल्यावर दिवस काढेल. एकदा ती आत गेली की त्या बाजूला फिरकायचं नाही, यावर मात्र आमच्यात कधीच दुमत नव्हतं. म्हणजे हातात आठ-दहा दिवस.

दुपारी सावंतवाडीला परत जाताना मी तो फोटो छापायला दिला, आणि पुढच्या रविवारी मामाला नेऊन दिला. मामाने प्रिंट उलटी केली आणि मागे पेन्सिलीने लिहिलं. कवड्या धनेश, काजरा, बांदा. १/८००, ८. मादी बरी. नर हलला, परत जाणे. मग पेन्सिल कानावर ठेवली, थोडं थांबला, पुन्हा काढली आणि १/८०० च्या पुढे कंसात लिहिलं, १/२५००.